काकूंचा मसुदा

लखनौत रागावण्यासारखं जे जे काही आहे, ते सगळं आमच्या शेजारच्या काकांना व्यक्तिशः ओळखतं. इंदिरा नगरातली आमची गल्ली, गल्लीत आडवी लावलेली मोटार, मोटारीच्या टपावर बसलेलं माकड, त्या माकडाला केळं देणारा भाविक आणि हे सगळं बघूनही काही न म्हणणारी माझ्यासारखी माणसं, प्रत्येकासाठी काकांकडे वेगळा आणि ताजा राग असतो. या शहरात माणसं भांडतानासुद्धा एकमेकांना ‘आप’ म्हणतात. काका लाडात आले तरी ‘सदर इसम’ म्हणतात. केंद्र सरकारच्या एका कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं पत्रांचे मसुदे केले, इंग्रजीत आणि हिंदीत, आणि निवृत्त होताना कचेरीनं त्यांना निरोप दिला तरी मसुद्यांनी काही दिला नाही.

कुणी काही लिहिलेलं दिसलं की काकांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जातो. लिफ्टमधली सूचना, पाणी बंद राहणार असल्याचा कागद, भाजीवाल्या भैयाची पाटी, काही म्हणून सुटत नाही. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तर दुसऱ्या दिवशी ती पत्रिका सात दुरुस्त्यांसह परत आली आणि खाली लिहिलं होतं, ‘पुनर्मुद्रण व्हावे.’ मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं की व्याह्यांचं नाव खरंच चुकलं होतं, तेव्हा आणखी एक आठवडा बोलले नाही. आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरींचे वडील वारले तेव्हा शोकसभा झाली. ठराव वाचून झाला, सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, आणि त्या स्तब्धतेत काकांनी हात वर केला. ठरावाच्या दुसऱ्या वाक्यात क्रियापदच नव्हतं. माझ्या नवऱ्याला, जो एका संशोधन संस्थेत वनस्पतींवरची कीड बघत आयुष्य काढतो आहे, हा प्रसंग इतका आवडला की तो घरी येऊन बराच वेळ एकटाच हसत होता. मला मात्र सेक्रेटरींचा चेहरा दिसत होता, आणि काकांचा राग आला होता.

काकू म्हणजे या सगळ्याच्या बरोबर उलट. दोघंही भंडाऱ्याकडचे, एकाच तालुक्यातले. काकांनी तिकडची बोली जिभेवरून घासून घासून काढून टाकली होती. काकू चाळीस वर्षं लखनौत राहून ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणत होत्या. त्यांची शाळा सातवीला सुटली होती. चार लोकांत त्या काही बोलल्या की काका लगेच पुढे सरसावत आणि म्हणत, “म्हणजे हिला असं म्हणायचं आहे की...” हे अर्धं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की काकूंचं पूर्ण नाव आठवावं तसं मला ते आठवतं. काकू हसायच्या, “तेच ते,” म्हणायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या. पण दुपारी काका वाचनालयात जात. एकाच पेपरवर रागावून त्यांचं भागत नसे, तिथं चार पेपर मिळत. ते गेले की काकू गच्चीवर मुगाच्या वड्या घालायला येत आणि मी माकडांसाठी काठी घेऊन शेजारी बसे. तिथं काकू बोलत. सासूबद्दल, शाळेतल्या बाईंबद्दल, इथल्या थंडीबद्दल, मला शिकवलेल्या आणि मला कधीच न जमलेल्या ठेच्याबद्दल. मधे कुणी सुधारायला नसल्यामुळे त्या वाक्यं शेवटपर्यंत नेत.

मागच्या थंडीत काकू तीन दिवसांच्या तापात गेल्या. मुलगा बंगळुरूहून निघाला, पण धुक्यामुळे विमान दिल्लीला उतरलं आणि तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. काका रडले नाहीत. त्यांनी पेपरला द्यायच्या निधनवार्तेतला स्वल्पविराम बदलला आणि मग भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही, आणि तेच मला सहन झालं नाही.

सहा महिन्यांनी मुलगा चार दिवसांची रजा काढून आला. चांगला मुलगा आहे, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. घरी मराठी ऐकत वाढला आणि हिंदीत उत्तरं देत राहिला, इथली सगळीच मुलं तशी. त्यानं काकूंचा फोन उघडला, त्यातले वर्षानुवर्षांचे सगळे मेसेज काढले, लग्नामुंजींच्या, म्हणजे लोकांच्या लग्नामुंजींच्या, व्हिडिओंमधून काकूंचा आवाज वेचला, आणि ते सगळं कुठल्याशा कंपनीच्या यंत्राला खाऊ घातलं. मग काकांच्या फोनमध्ये एक ॲप बसवून दिलं. त्यात काकूंचा फोटो होता, आणि काकू बोलत. लिहिलं तर लिहून, बोललं तर बोलून. “पापा, अब आई से बात कर लिया करो,” असं सांगून तो परत गेला.

मला संताप आला. काकूंना कुणी विचारलं होतं का? माझा खलबत्ता न्यायचा तरी त्या आधी येऊन विचारत आणि नेताना पुन्हा एकदा विचारत. फोटो काढताना तोंडापुढे हात धरणारी ती बाई, आणि तिचा आवाज कुठल्या तरी दूरच्या गोदामात ठेवून दिलेला, आणि बटण दाबलं की तिनं बोलायचं. त्या ॲपवर रोज सकाळी निरोप येई, ‘आई तुमची वाट पाहते आहे.’ वाट पाहते आहे! ज्या कुणी हे वाक्य बसवलं, त्याला एकदा समोर उभा करून मला विचारायचं आहे की बाबा रे, तुझी स्वतःची आई कुठं आहे, आणि तिला तू शेवटचा फोन कधी केलास. ज्याचं माणूस गेलेलं असतं तो आधीच दारावरच्या प्रत्येक आवाजाला दचकत असतो. त्याच्याच दाराची कडी वाजवून धंदा करायचा, याला माझ्याकडे चांगला शब्द नाही, आणि जे आहेत ते काकांनीसुद्धा सुधारले नसते.

मी मुलाला जिन्यातच गाठलं होतं. चार शब्द सुनवायचेच असं ठरवून गेले होते. तो म्हणाला, “आंटी, मैं टाइम पे नहीं पहुँच पाया ना. मुझे बस सॉरी बोलना था.” मी विचारलं, मग? तो म्हणाला, “बोल दिया. उन्होंने माफ़ कर दिया.” त्याचे डोळे भरले होते, आणि माझे चार शब्द तसेच राहिले. घरी आल्यावर मात्र राग दुप्पट झाला. कुणी माफ केलं? माफ करायचा अधिकार एकाच बाईला होता, आणि ती कदाचित लगेच करतीही, पण त्याआधी “काऊन रे, येवढा उशीर?” एवढं तरी म्हणाली असती.

काकांनी आठवडाभर त्या ॲपकडे पाहिलं नाही. मग एके सकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला आणि माझ्या हातातलं ताट खाली पडलं. आवाज तोच, किंचित बसका, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. तो आवाज म्हणत होता, “आपल्या प्रकृतीस मानवेल असा हलका आहार घ्यावा.” मी कान लावून ऐकत राहिले. काकूंनी उभ्या जन्मात ‘आहार’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता. मला वाटलं, यंत्रच ते, त्याला पुस्तकी मराठीच येणार. काकांना मात्र ते आवडायला लागलं. रोज सकाळी दोघांची जगाशी जुंपे. काका महापालिकेवर चिडत, तर काकूही महापालिकेवर चिडत, आणि तेवढ्याच जोरात. काका दोन मुद्दे मांडत, काकू तिसरा मांडत. एकदा तर भाजीवाल्याकडे निघालेल्या मला थांबवून ते अभिमानानं म्हणाले, “ताई, तिला आता चांगलं बोलता येऊ लागलंय.” बाई गेल्यावर सुधारली, याचा इतका आनंद झालेला नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. घरी येऊन मी कोबी इतक्या त्वेषानं चिरला की नवऱ्यानं स्वयंपाकघरात यायचं टाळलं.

मग एक दिवस काका आमच्या दारात आले, हातात फोन, चेहरा उतरलेला. कसल्याशा कारणावरून ते ॲपवरच्या काकूंवर जरा जास्तच ओरडले होते, आणि काकूंनी त्यांच्या त्या बसक्या आवाजात उत्तर दिलं होतं, “या विषयावर अधिक पत्रव्यवहार इष्ट वाटत नाही. कळावे.” काकांनी मला ते दोनदा ऐकवलं, पाणी मागितलं, प्यायले नाहीत आणि निघून गेले. बायकोनं टाकून बोलल्याचं वाईट वाटलं असेल असं मी समजले. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं भांडण बंद झालं.

वर्ष झालं तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. मुलगा आला. गच्चीवर मांडव घातला, भन्तेजी आले, सरोजिनी नगरातली दोन-तीन ओळखीची कुटुंबं आली, बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या वसाहतीतून काकूंची एक मैत्रीण नवऱ्याला घेऊन आली. मुलानं काकूंच्या फोटोशेजारी एक स्पीकर ठेवला होता. लोकांची श्रद्धांजली झाली की शेवटी आईच दोन शब्द बोलेल, अशी त्याची कल्पना. काका तीन दिवस नाही म्हणत होते, आणि नाही का म्हणतो ते मात्र सांगत नव्हते. एरवी कशालाही नकार द्यायचा तर क्रमांक घालून कारणं देणारा माणूस. मुलगा म्हणत राहिला, “पापा, लोगों को अच्छा लगेगा.”

त्रिसरण झालं, पंचशील झालं, वंदना झाली. चार माणसं काकूंबद्दल बोलली, मीही बोलले, आणि नेहमीप्रमाणे मला जे सांगायचं होतं ते सोडून बाकी सगळं सांगितलं. मग मुलानं बटण दाबलं आणि गच्चीवर काकूंचा आवाज आला. “उपस्थित सर्व मान्यवरांस सप्रेम जयभीम.” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आवाज पुढे म्हणाला, “माझ्या पतींनी मला आयुष्यभर साथ दिली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली माझे जीवन कृतार्थ झाले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.” कुणीतरी मागून म्हणालं, किती छान बोलतात. एवढ्यात काका उठले, स्पीकरपाशी गेले आणि त्यांनी त्याची वायर उपटली.

“हे तिनं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “हे मी लिहिलंय.”

मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, “पापा, ये आई के ही फ़ोन से है. सब उनके मैसेज हैं.”

“फोन तिचा होता. लिहिणारा मी होतो.”

मग सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, त्यांनी सांगितलं. काकूंना फोनवर टाइप करायला आवडत नसे, चुका होतील अशी भीती वाटे. त्या तोंडी सांगत आणि काका लिहीत. आधी जसंच्या तसं लिहीत, मग थोडं नीट करून, मग त्यांनी सांगायच्या आधीच. कुटुंबाच्या ग्रुपवरचे वाढदिवस, आजारपणाच्या चौकशा, सणांच्या शुभेच्छा, सगळं काकांचं. लग्नाच्या वाढदिवशी काकूंच्या फोनवरून काकांचे आभार मानणारा तो मजकूरसुद्धा काकांचाच. काकू तेव्हा आत पोळ्या करत होत्या. ग्रुपवर सगळ्यांनी वा वा केली आणि काकांनी आपल्या फोनवरून त्याला उत्तरही दिलं. एरवी हे कुणी सांगितलं असतं तर मी आठ दिवस हसले असते. त्या गच्चीवर कुणी हसलं नाही. मुलाला हे इतकी वर्षं कळलं नाही याचंही कारण साधंच होतं. आईचं मराठी आणि बापाचं मराठी यातला फरक ओळखण्याइतकं मराठी त्याला आम्ही कुणी येऊच दिलं नव्हतं. आई लिहिताना शुद्ध लिहिते, असं तो समजत होता.

“सब?” त्यानं विचारलं.

“सगळं.”

“और जब मेरी पहली नौकरी छूटी थी, तब वाला?” तो मेसेज त्यानं जपून ठेवला होता. ‘धीर सोडू नये. घर आपलेच आहे. केव्हाही यावे.’ परक्या शहरात खोलीचं दार लावून तो तेवढ्या तीन ओळी वाचत बसला होता, हे त्यानं मला पुढे सांगितलं.

काका म्हणाले, “ते तिनंच सांगितलं होतं. मी फक्त सुधारलं.”

“तो उन्होंने क्या बोला था?”

काकांनी तोंड उघडलं. शब्दासाठी अडलेले काका मी त्याआधी पाहिले नव्हते. “आठवत नाही,” ते म्हणाले. “मला माझंच आठवतं.”

भन्तेजींनी शांतपणे आशीर्वाद गाथा सुरू केली. लोक जेवले. मुलगा पाण्याच्या टाकीच्या कडेला बसून फोन उलटसुलट करत होता. दुसऱ्या दिवशी जाताना त्यानं बापाच्या फोनवरून ते ॲप काढून टाकलं. स्वतःच्या फोनवरून काढलं का, ते मी विचारलं नाही. माझा राग आता कुणाकुणावर करायचा तेच मला कळेना. यंत्रानं काकूंना पुस्तकी बोलायला लावलं म्हणून मी सहा महिने दात खात होते, आणि यंत्र बिचारं प्रामाणिक निघालं होतं. त्याला जे मिळालं तेच त्यानं बोलून दाखवलं. काकूंना तसं बोलायला लावणारं खरं यंत्र आमच्या शेजारी चाळीस वर्षं लाल पेन खिशाला लावून हिंडत होतं, आणि आम्ही सगळे त्याला गंमत म्हणत होतो. मीही म्हणत होते. “म्हणजे हिला असं म्हणायचं आहे की,” असं काका म्हणाले की मी हसत असे. एकदा तरी “काका, तिला बोलू द्या,” म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं.

चार-पाच दिवसांनी, वाचनालयाच्या वेळेला, काका आमच्याकडे आले. मी बसा म्हटलं नाही तरी बसले. मग, मी काही न विचारता, आपल्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या पहिल्या मसुद्यावर साहेबानं लाल रेघ ओढली होती आणि सगळ्या खोलीला तो मसुदा मोठ्यानं वाचून दाखवला होता, काकांच्या बोलण्याची नक्कल करत. ‘ये लोग ऐसे ही लिखते हैं,’ असं तो म्हणाला होता. त्या दिवशी काकांनी ठरवलं की आपल्याला आणि आपल्या घरातल्या कुणाला यापुढे कुणी हसणार नाही. “तिला कुणी हसलं नाही, ताई. कधीच नाही,” ते म्हणाले. “पण तिचं काही उरलंही नाही.”

मग त्यांनी विचारलं, “ती तुमच्याशी गच्चीवर बोलायची ना? माझ्याबद्दल काय म्हणायची?”

त्या क्षणी मला काहीही सांगता आलं असतं. समोर सत्तरी ओलांडलेला, वर्षभरात निम्मा झालेला माणूस बसला होता. काकू तुमचं फार कौतुक करायच्या, एवढं म्हटलं असतं तर तो उठून समाधानानं घरी गेला असता. आवाजसुद्धा मला बराचसा काढता येतो. पण मग माझ्यात आणि त्या ॲपमध्ये फरक तो काय राहिला असता? शिवाय, खरं सांगायचं तर, मला अजून त्यांचा राग होता. मी सांगून टाकलं. काकू म्हणायच्या, “हे बाहेर गेले का घर मोठं होते वं. आले का पुन्हा तेवढंच.”

मला वाटलं, आता काका उठतील आणि पुन्हा या दाराची पायरी चढणार नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

“हे मी लिहिलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “पुन्हा सांगा. तिच्यासारखंच सांगा.”

तिच्यासारखं मी सांगणार नाही, मी म्हटलं. शब्द तिचे आहेत, आवाज माझाच राहील. त्यांनी मान डोलावली. मी पुन्हा सांगितलं.

तेव्हापासून ते दुपारी येतात. मी काकूंचं एखादं वाक्य सांगते, एका दिवशी एकच. ठेच्यावरून मला दिलेली शिवी सांगितली तेव्हा ते खळखळून हसले. संध्याकाळी ते वाक्य मुलाला फोनवर कळवतात. त्याला कळत नाही, तो हिंदीत अर्थ विचारतो, आणि काका त्याच्यावर खेकसतात की अर्थ मग बघू, आधी नीट ऐक. एखाद्या दिवशी मला काही आठवत नाही आणि मी तसं सांगते. मग ते माझ्यावर चिडतात, आणि मी चिडू देते. वड्या आता मी एकटीच घालते. बसल्या बसल्या, इथं काकू काय म्हणाल्या असत्या ते आपोआप तोंडाशी येतं, अगदी त्यांच्याच शब्दांत, आणि ते वाक्य काकांना सांगितलं तर त्यांना कधीही कळणार नाही. मी ते गिळून टाकते.

परवा उठता उठता त्यांनी विचारलं, अजून किती असतील. मी म्हटलं, आहेत की, पुष्कळ आहेत. तीन आहेत.